पायउतार

मुंग्यांवर संशोधन करते म्हटलं की साखरेचा डबा कसा वाचवायचा, हा प्रश्न ठरलेला. आमच्या लॅबमधल्या मुंगीला साखर नकोच असते, तिला जिवंत रातकिडे लागतात. (आणि खरं सांगायचं तर मुंग्यांपेक्षा रातकिडे पाळणं जास्त कटकटीचं.) हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर तिचं नाव. पश्चिम घाटात, जोगच्या धबधब्याच्या परिसरातही ती सापडते. टपोरे डोळे, लांब जबडे. रांगेत न चालता एकटी शिकारीला जाते आणि उडी मारते.

तिची राणी मेली की घरट्यात खरी गंमत सुरू होते. कामकरी मुंग्या जोडीजोडीने समोरासमोर येतात. एक मिशा फटकारत पुढे येते, दुसरी मागे सरकते. मग दुसरी पुढे, पहिली मागे. झिम्मा पाहिलेल्याला ही चाल लगेच ओळखू येईल. जखम कुणालाच होत नाही. महिनाभर हे चालू शकतं. शेवटी ज्या टिकतात त्या घरट्यातल्या नरांशी जुळून अंडी घालू लागतात. त्यांना गेमरगेट म्हणतात. सात-आठ महिन्यांचं आयुष्य चार वर्षांपर्यंत लांबतं, अंडाशय वाढतात, विष आटतं आणि मेंदू सुमारे एक पंचमांशाने लहान होतो. शिकारीला जायचंच नाही, तर एवढा मेंदू पोसायचा कशाला!

हे सगळं उलटंही फिरतं, असं क्लिंट पेनिक आणि सहकाऱ्यांनी 2021 साली दाखवून दिलं. पेपर वाचून पटला होता, तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून पाठीवर पिवळा ठिपका दिलेली एक गेमरगेट आम्ही काही आठवडे एकटी ठेवली आणि एका सकाळी परत घरट्यात सोडली.

आधी कुणी लक्षच दिलं नाही. मग एका कामकरीने तिच्या पोटावरून मिशा फिरवल्या, थबकली, पुन्हा फिरवल्या, आणि पुढच्याच क्षणी तिचा पाय जबड्यात धरला. दुसरीने मिशी पकडली, तिसरी पाठीवर चढली. पिवळी अंग चोरून पडून राहिली. एकटं राहून अंड्यांचं काम मंदावलं की अंगाचा वास बदलतो, आणि तो यांना बरोबर कळतो.

"मॅडम, काढू का बाहेर? मारून टाकतील तिला," माझी विद्यार्थिनी कळवळून म्हणाली.

"राहू दे. चावत नाहीयेत, नुसतं धरलंय बघ."

जेवायला गेलो, परत आलो, तरी पकड तशीच. संध्याकाळीही सुटली नव्हती. नुसतं असं जखडून ठेवल्याने एका दिवसात मेंदूतलं डोपामीन हे रसायन घसरतं, आणि पुढचे सगळे बदल तिथून सुरू होतात. एवढ्या मोठ्या उलथापालथीला एक थेंब रक्त लागत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढच्या आठवड्यांत पिवळी अंड्यांपासून दूर राहू लागली, मग दाराशी दिसू लागली. एके दिवशी तिने रातकिड्यावर झेप घेतली. चिमट्याने उचलायला गेले तर माझ्या बोटाला असा डंख मारला, की विष परत आलंय हे वेगळं तपासायची गरज उरली नाही.

एकाच मुंगीचा मेंदू दोनदा मोजता येत नाही, कारण मोजायला तिला मारावंच लागतं. म्हणून तुलना तिच्याच घरट्यातल्या बहिणींशी केली, काही अंडी घालणाऱ्या, काही शिकारी. पिवळीचे अंडाशय आक्रसले होते आणि मेंदू शिकारी बहिणींच्या मापात बसला.