एकाच बचावाशी दुसरी गाठ: स्ट्राउडच्या पहिल्या मोसमाची नोंदवही

गेले सहा आठवडे रात्री जेवणं आटोपली की एकच काम चाललंय. ह्यूस्टन टेक्सन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, सी. जे. स्ट्राउड २०२३ साली एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, आला. त्या पहिल्याच मोसमात तीन संघांच्या बचावाशी त्याची दोन-दोनदा गाठ पडली: जॅक्सनव्हिल, इंडियानापोलिस आणि बाल्टिमोर. या सहा सामन्यांतला त्याचा प्रत्येक पास मी उंचावरच्या कॅमेऱ्यातून, म्हणजे बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात त्या चित्रणातून, थांबवत थांबवत बघतोय. नवा क्वार्टरबॅक एकदा अंगावर घेतल्यावर तोच बचाव दुसऱ्या खेपेला नेमकं काय बदलतो, एवढं एकच शोधायचंय.

हे खूळ डोक्यात शिरलं ते एका नेहमीच्या वाक्यामुळे. नवखा पोरगा सुरुवातीला चालतो, मग त्याचे सामने सगळ्यांच्या हाती लागतात आणि बचाव त्याला ओळखून बसतात, असं दर मोसमात कुणीतरी म्हणतंच. स्ट्राउडच्या आकड्यांत ते ओळखणं कुठे दिसत नाही. १५ सामने, ४९९ पास, ४,१०८ यार्ड, २३ टचडाउन (चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपार नेणं) आणि फक्त ५ इंटरसेप्शन (बचावाने मध्येच झेललेले पास). त्या पाचातले तीन एकट्या अ‍ॅरिझोनाने घेतले, आणि तोही सामना टेक्सन्सने २१-१६ असा जिंकला. मग बचावांनी काहीच केलं नाही का? मला ते पटत नव्हतं.

पहिले तीन आठवडे

वहीत मी रकाने आखले होते ते असे: डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला कितवा), किती यार्ड हवेत, बचावाचे किती जण क्वार्टरबॅकवर धावले, निकाल. चार धावले की पाच की सहा, हे मी काटेकोरपणे मोजत होतो. नवख्याला घाबरवायचं तर माणसं पाठवा, हा समज माझ्याही मनात पक्का होता.

तीन आठवडे लिहून झाल्यावर पानं चाळली तर त्यातून काहीच निघेना. म्हणून सहा सामन्यांच्या बाहेरचे दोन सामने शेजारी शेजारी ठेवले. २९ ऑक्टोबरला कॅरोलायना: २४ पैकी १६ पास पूर्ण, १४० यार्ड, आणि तोवर एकही सामना न जिंकलेल्या संघाकडून १५-१३ असा पराभव. पुढच्याच रविवारी, ५ नोव्हेंबरला, टँपा बे: ४२ पैकी ३०, ४७० यार्ड, ५ टचडाउन. एका सामन्यात इतके यार्ड त्याआधी कुठल्याच नवख्याने काढले नव्हते. शेवटची ४६ सेकंदं उरलेली असताना ७५ यार्ड जायचं होतं. सहा खेळींत, म्हणजे सहा प्रयत्नांत, तो गेला आणि ६ सेकंदं राखून टँक डेल या पास झेलणाऱ्याला टचडाउन दिलं. (त्या दिवशी टेक्सन्सचा किकर जखमी झाला होता आणि फील्ड गोल (खांबांमधून किक मारून मिळणारे तीन गुण) मारला डेअर ओगुनबोवाले या रनिंग बॅकने, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूने. हा सामना कुणी पाहिला नसेल तर आधी तो बघा, मग पुढचं वाचा.)

आता या दोन बचावांचे स्वभाव बघा. टँपाचा प्रशिक्षक टॉड बोल्स ब्लिट्झसाठी, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त माणसं क्वार्टरबॅकवर धाडण्यासाठी, ओळखला जातो. माणसं पाठवायला तो कचरत नाही. कॅरोलायनाचा बचाव सांभाळणारा एजिरो एव्हेरो विक फँजिओ या प्रशिक्षकाच्या पठडीतला: दोन सेफ्टी (बचावाचे सर्वांत मागचे खेळाडू) मागे उभे, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, चेंडू निघाला की मग खरं काय ते. एका आठवड्याच्या अंतराने तोच पोरगा, तीच आक्रमणाची पद्धत. धावणाऱ्यांची संख्या मोजून हा फरक कधीच कळणार नव्हता. माझे रकाने चुकले होते.

चौथा आठवडा: नवे रकाने

कॉलेजात मी कबड्डीत डावा कोपरा खेळायचो. तिथे शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे चढाईपटूची नजर आपल्यावर आहे तोवर हलायचं नाही. ती उजव्या कोपऱ्याकडे वळली की त्या क्षणात अर्धं पाऊल चोरायचं. ते आठवलं आणि प्रश्न बदलला. स्ट्राउडची नजर बचावावरून कधी हटते?

टेक्सन्सचा तेव्हाचा आक्रमण-समन्वयक बॉबी स्लोविक काइल शानहन या प्रशिक्षकाच्या तालमीतून आलेला. त्या पद्धतीचा कणा म्हणजे प्ले-अ‍ॅक्शन. क्वार्टरबॅक सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या) मागून चेंडू घेतो, धावणाऱ्याला देतोय असं भासवतो, आणि ते भासवताना बचावाकडे चक्क पाठ करतो. सेकंद-दीड सेकंद त्याला मागचं काही दिसत नाही. मग मान वळवून वर बघतो, तेव्हा लाइनबॅकर (बचावाची मधली फळी) फसून पुढे आलेले असतात आणि त्यांच्या डोक्यावरून मधल्या पट्ट्यात पास जातो. पास झेलणाऱ्या निको कॉलिन्सचे कितीतरी यार्ड याच पट्ट्यातले आहेत.

पण ती पाठ दोघांच्याही कामाची आहे. तेवढ्याच सेकंदात सेफ्टीही जागा बदलू शकतात. क्रिकेटमध्ये गोलंदाज धावू लागल्यावर क्षेत्ररक्षकाने मोठी हालचाल केली तर ती नियमबाह्य ठरते. इथे खरी हालचाल सुरूच तेव्हा होते.

म्हणून नवे रकाने दोनच. एक, सेंटरकडून चेंडू निघतो त्या क्षणी दोन्ही सेफ्टी किती यार्डांवर आहेत. दोन, मागे सरकत गेलेल्या क्वार्टरबॅकचा मागचा पाय रुततो त्या क्षणी ते कुठे आहेत. दोन चित्रं थांबवायची आणि वहीत दोन टिंबं, मध्ये बाण. बाण नसेल तर जे दाखवलं तेच खेळले. बाण लांब असेल तर हूल दिली. एका पासला पाच-सहा मिनिटं जातात. सहा सामन्यांत मिळून स्ट्राउडचे दोनशे सोळा पास आहेत, त्यामुळे हिशेब तुम्हीच करा.

पाचवा आठवडा

इंडियानापोलिसपासून सुरुवात केली, कारण तिथे वाचायला सोपं. त्यांच्या तेव्हाच्या बचाव-समन्वयकाचा, गस ब्रॅडलीचा, बचाव हा सिएटलच्या कव्हर थ्री (खोल पट्टा तिघांनी वाटून घेणाऱ्या) घराण्यातला. एक सेफ्टी मधोमध खोल, दोन्ही कॉर्नर (कडेचे बचावपटू) आपापली बाजू खोलवर सांभाळणार, आणि हे सगळं बहुतेक वेळा उघड. १७ सप्टेंबरच्या पहिल्या भेटीत टेक्सन्स हरले (३१-२०), पण स्ट्राउडने ४७ पासांत ३८४ यार्ड काढले. दुसरी भेट ६ जानेवारीची, जिंकेल तो प्लेऑफमध्ये (बाद फेरीत), हरेल तो घरी. ह्यूस्टनची पहिलीच खेळी, स्वतःच्या २५ यार्डांवरून: कॉलिन्सला ७५ यार्डांचं टचडाउन. २६ पैकी २० पास, २६४ यार्ड, टेक्सन्स २३-१९. पासामागे यार्ड ८.२ वरून १०.२ वर गेले. म्हणजे दुसऱ्या भेटीचा फायदा बचावाला नाही, पोराला झाला. बाण आखायला बसलो तर पानंच्या पानं नुसती टिंबांची. बचाव तोच राहिला आणि मधल्या चार महिन्यांत वाचणारा सुधारला.

जॅक्सनव्हिलबद्दल फार लिहिण्यासारखं सापडलं नाही. सप्टेंबरात ३० पासांत २८० यार्ड आणि ३७-१७ असा विजय, नोव्हेंबरात ३६ पासांत ३०४ आणि २४-२१ असा पराभव. तोही असा की ५८ यार्डांवरून मारलेली शेवटची किक आडव्या दांडीवर आपटून परतली. यार्ड थोडे उतरले, पण त्यातून काही सिद्ध करायला मी धजणार नाही.

पाचव्याचा शेवट आणि सहावा: बाल्टिमोर

इथे मात्र वही भरली.

२०२३ च्या बाल्टिमोरने सगळ्यांत कमी गुण दिले, सगळ्यांत जास्त सॅक घेतले (पास निघण्याआधीच क्वार्टरबॅकला ६० वेळा पाडलं) आणि चेंडू हिसकावण्यातही (३१) त्यांच्या पुढे कुणी नव्हतं. हा बचाव माइक मॅकडोनाल्डचा. मोसम संपल्याबरोबर सिएटलने त्याला मुख्य प्रशिक्षक म्हणून नेलं ते उगाच नाही.

त्यांचं तिसऱ्या डाउनचं ठरलेलं चित्र सांगतो, म्हणजे तुम्हीही कुठल्याही सामन्यात ओळखाल. रोक्वान स्मिथ आणि पॅट्रिक क्वीन हे दोन्ही लाइनबॅकर सेंटरच्या दोन बाजूंना, अगदी नाकासमोर येऊन उभे राहतात. एकूण सहा जण चेंडू ठेवलेल्या रेषेवर. ब्लॉक करणाऱ्या पाच जणांना आणि क्वार्टरबॅकला सहाही येतील असं धरूनच आखणी करावी लागते. चेंडू निघतो आणि येतात चारच. पण कुठले चार? दोघे लाइनबॅकर उलट्या पावली मागे पळतात आणि जिथून कुणी येईल असं वाटलं नव्हतं त्या कडेवरून एखादा स्लॉट कॉर्नर (कडेच्या आतल्या जागेतला, म्हणजे स्लॉटमधला, बचावपटू) घुसतो. याला सिम्युलेटेड प्रेशर म्हणतात. भीती सहा जणांची आणि खर्च चारच जणांचा, म्हणजे मागे सात जण शाबूत. त्यात काइल हॅमिल्टन, सहा फूट चार इंचांचा सेफ्टी, कधी स्लॉटमध्ये, कधी रेषेवर, कधी मधोमध खोल. त्याच्या जागेवरून कव्हरेजचा अंदाज बांधायचा म्हटलं तर हाती काही लागत नाही.

१० सप्टेंबरची पहिली भेट ही स्ट्राउडच्या कारकिर्दीतली पहिलीच लढत: ४४ पैकी २८ पास, २४२ यार्ड. २० जानेवारीची प्लेऑफची भेट: ३३ पैकी १९, १७५ यार्ड. पासामागे यार्ड आधी ५.५, मग ५.३. मधल्या काळात हा पोरगा लीगमधल्या उत्तम क्वार्टरबॅकांत जाऊन बसला होता, मोसमाची सरासरी ८.२ होती, आठवडाभर आधी क्लीव्हलँडला ४५-१४ असं लोळवताना त्याने २१ पासांत २७४ यार्ड काढले होते. बाल्टिमोरने त्याला जिथे सप्टेंबरात ठेवलं होतं तिथेच जानेवारीत ठेवलं.

आणि ज्या गोष्टीपाशी मी दोन रात्री अडकलो ती ही: दोन्ही सामने मिळून इंटरसेप्शन शून्य. सप्टेंबरात टेक्सन्सचे ९ गुण तीन फील्ड गोलचे. जानेवारीतलं एकमेव टचडाउन पंट (लांब किक मारून सोडून दिलेला चेंडू) परतवून आलेलं. आठ क्वार्टर, म्हणजे पुरे दोन सामने, आक्रमणाचं एकही टचडाउन नाही आणि बचावाच्या हाती गेलेला एकही पास नाही. नवख्याला पकडणं म्हणजे त्याच्याकडून चूक काढून घेणं, असं मी धरून चाललो होतो. बाल्टिमोरने त्याच्याकडून चूक काढलीच नाही. त्याची पहिली पसंती, तो मधला पट्टा, मान वळेपर्यंत बंद करून ठेवली. पोरगा शहाणा आहे, त्याने बळजबरी केली नाही, जवळचा पास दिला किंवा चेंडू बाहेर फेकला. त्या शहाणपणावरच बाल्टिमोरने सामना काढला. माझ्या वहीत या दोन सामन्यांच्या पानांवर सगळ्यांत लांब बाण आहेत, आणि बाण लांब असलेल्या पासांपुढे निकालाच्या रकान्यात पुन्हा पुन्हा ‘जवळचा, ४ यार्ड’ असंच काहीतरी लिहिलेलं आहे.

माझं मत आता असं बनलंय: नव्या क्वार्टरबॅकशी जुळवून घेणं हे ‘त्याला ओळखण्यात’ कमी आणि त्याने बघितलेलं चित्र शिळं करण्यात जास्त आहे. ज्या बचावाकडे हे करण्याची ताकद मुळातच आहे तो पहिल्या भेटीतही करतो. ज्याच्याकडे नाही त्याला दहा सामन्यांचं चित्रण दिलं तरी उपयोग नाही.

याला छेद देणारा सामनाही लिहून ठेवतो. १० डिसेंबरला न्यूयॉर्क जेट्सने हूलबील फारशी न देता, मुख्यतः पुढच्या चौघांच्या जोरावर, त्याला २३ पासांत ९१ यार्डांवर ठेवलं आणि ३०-६ असं हरवलं. पाऊस होता, टँक डेल पाय मोडून आधीच बाहेर होता, कॉलिन्सही सामन्यात लवकर जखमी झाला, आणि शेवटी स्ट्राउडलाच डोक्याला मार लागला. ही कारणं खरी आहेत, तरी पुढचे चौघे इतके भारी असतील तर मागच्यांना सोंग आणावं लागत नाही, हेही खरंच.

दुसऱ्या भेटीचा जुना दाखला बघावा म्हणून पिट्सबर्गच्या बेन रॉथलिसबर्गरचं २००४ चं वर्ष काढलं. ३१ ऑक्टोबरला या नवख्याने न्यू इंग्लंडची सलग २१ विजयांची मालिका तोडली, ३४-२०. जानेवारीत न्यू इंग्लंडचा तोच प्रशिक्षक बिल बेलिचिक समोर, आणि निकाल ४१-२७ न्यू इंग्लंडकडे, बेनचे तीन इंटरसेप्शन. तिन्ही घेणारे सेफ्टी: दोन यूजीन विल्सन, एक रॉडनी हॅरिसन, जो ८७ यार्ड पळत थेट टचडाउनला गेला. वरच्या कॅमेऱ्याचं चित्रण लीगने प्रेक्षकांना २०१२ पासून खुलं केलं, त्यामुळे इथे टीव्हीच्या चौकटीवरच भागवावं लागतं, आणि सेफ्टी नेमके त्या चौकटीच्या बाहेर असतात. टिंबं टाकता आली नाहीत याची चुटपुट लागून राहिलीय.

आता काय उरलंय

जानेवारीच्या बाल्टिमोर सामन्याचा उत्तरार्ध बाकी आहे. मध्यंतराला १०-१० होते, शेवट ३४-१०. बाल्टिमोरच्या मैदानावरच्या त्या गोंगाटात टेक्सन्सच्या लाइनचे (ब्लॉक करणाऱ्या पुढच्या फळीचे) फॉल्स स्टार्ट, म्हणजे चेंडू निघण्याआधीच हलण्याच्या चुका, इतके झाले की कित्येक खेळी पाच-पाच यार्ड मागूनच सुरू झाल्या, म्हणून त्या पासांना वहीत वेगळी खूण करतोय. लांब अंतर असेल तर बचाव तसाही मागे थांबतो, तो हूल म्हणून मोजला जायला नको.

त्यानंतर २०२४. दुसऱ्या वर्षी स्ट्राउडचे इंटरसेप्शन १२ झाले आणि त्याला ५२ वेळा सॅक केलं. लाइन कोलमडली होती हे उघड आहे, पण त्यातल्या किती वेळा तो मान वळवून वर बघितल्यावर पहिली पसंती न सापडल्यामुळे चेंडू धरून बसला, हे दोन टिंबांच्या पद्धतीने सुटं करता येईल असं वाटतं.

एक अडचण आहे, कुणी सोडवली असेल तर सांगा. बाजूच्या कॅमेऱ्यात यार्डांच्या रेषांवरून खोली बरोबर कळते, पण मागचा पाय रुततो तो क्षण स्पष्ट दिसतो गोलमागच्या कॅमेऱ्यात. दोन चित्रणं सेकंदाला सेकंद जुळवायला मी सध्या सेंटरच्या हातून चेंडू सुटतो ती फ्रेम शून्य धरतो आणि पुढच्या फ्रेमा मोजतो. प्ले-अ‍ॅक्शनवर पाठ वळलेली असताना यात तीन-चार फ्रेमांचा घोळ राहतोच, आणि हॅमिल्टनसारखा माणूस तेवढ्यात दोन यार्ड सरकलेला असतो.