व्हीपीएस की डेडिकेटेड? आधी टॉप उघडून बघा

साइट स्लो झाली की पहिला सल्ला ठरलेला असतो, आता व्हीपीएस (मोठ्या मशीनचा भाड्याने घेतलेला एक व्हर्च्युअल हिस्सा) पुरत नाही, डेडिकेटेड (आख्खं मशीन एकट्यासाठी) घे. सल्ला देणारा साइट नेमकी कशामुळे स्लो आहे हे विचारत पण नाही, डायरेक्ट रोज किती लोक येतात तेवढं विचारतो. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. कॅशिंग (तयार पेज साठवून परत तेच देणं) नीट लावलेला साधा ब्लॉग छोट्या व्हीपीएसवर भरपूर गर्दी आरामात झेलतो, आणि डेटाबेसमधल्या इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी सोय) न लावलेल्या टेबलवर सर्च मारणारी साइट थोड्याच लोकांत कुठल्याही मशीनला घाम फोडते.

फरक समजवायला सगळे फ्लॅट आणि बंगल्याचं उदाहरण देतात. उदाहरण ठीक आहे, पण ते अर्ध्यावर सोडतात. फ्लॅटमध्ये खरा त्रास भिंतींचा नसतो, खालच्याने मोटर लावली की आपल्या नळाची धार बारीक होते त्याचा असतो. व्हीपीएसचं तेच. एका मोठ्या मशीनवर हायपरवायझर (एका मशीनचे अनेक सर्व्हर करणारं सॉफ्टवेअर), आजकाल बऱ्याच ठिकाणी केव्हीएम (जे 2007 पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे), आणि त्यावर बरेच व्हर्च्युअल सर्व्हर. रॅम बहुतेक वेळा तुमची तुमच्याकडे राहते, पण सीपीयूची वेळ आणि डिस्क शेअर होते. प्लॅनमध्ये 4 व्हीसीपीयू (व्हर्च्युअल सीपीयू) लिहिलेत म्हणजे 4 आख्खे कोर मिळाले असं समजू नका, साधारणपणे एक व्हीसीपीयू म्हणजे कोरचा एक थ्रेड, आणि तोही अनेकदा दुसऱ्या कुणासोबत वाटून.

आता हे तपासायचं कसं? सर्व्हरवर लॉगिन करून टॉप (top) ही लिनक्सची कमांड चालवा, वर सीपीयूच्या ओळीत शेवटी एसटी (st) दिसतं, म्हणजे स्टील टाइम. तुमच्या सर्व्हरला काम करायचं होतं पण हायपरवायझर तेव्हा दुसऱ्याचं काम करत होता, तो वेळ इथे मोजला जातो. एक-दोन टक्के असेल तर सोडून द्या. पण गर्दीच्या वेळी रोज दहाच्या वर जात असेल तर शेजारी त्रास देतोय, किंवा तुमच्या प्लॅनची सीपीयू लिमिट संपतेय आणि प्रोव्हायडर ब्रेक लावतोय, कारण तेही बऱ्याचदा इथेच दिसतं. एसटी शून्य आणि तरी साइट स्लो? मग शेजाऱ्याला बोल लावून उपयोग नाही. त्याच ओळीत डब्ल्यूए (wa) बघा, तो जास्त असेल तर डिस्कची वाट बघण्यात वेळ जातोय, आणि याचं कारण पुष्कळदा डेटाबेस असतो. मायएसक्यूएल या डेटाबेसचा इनोडीबी बफर पूल (डेटा रॅममध्ये धरून ठेवायची जागा) डिफॉल्ट 128 एमबी असतो, बरेच लोक त्याला कधी हातच लावत नाहीत, आणि मग 8 जीबी रॅमचा सर्व्हर असून डेटा सारखा डिस्कवरून वाचला जातो. एक सेटिंग बदलायची सोडून लोक आख्खं मशीन बदलतात!

आणि डेडिकेटेड म्हणजे फास्ट हे तर कुणी ठरवलं काय माहीत. पीएचपीची एक रिक्वेस्ट साधारण एकाच कोरवर चालते, त्यामुळे एका पेजला लागणारा वेळ कोर किती यापेक्षा एक कोर किती फास्ट यावर ठरतो. स्वस्तातले डेडिकेटेड अनेकदा जुन्या पिढीचे सीपीयू आणि साध्या हार्ड डिस्कवाले असतात. साधी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे रँडम रीड करते, एनव्हीएमई (नव्या प्रकारची फास्ट एसएसडी) लाखांत. म्हणजे नव्या मशीनवरचा मधला व्हीपीएस अशा 16 कोरवाल्या जुन्या डेडिकेटेडला वर्डप्रेसमध्ये सहज मागे टाकू शकतो. जाहिरातीत कोर मोठ्या अक्षरात असतात, सीपीयूचं मॉडेल शोधावं लागतं, ते शोधाच.

मग डेडिकेटेड कुणी घ्यावा? ज्याचं काम दिवसभर सीपीयू जाळतं त्याने, व्हिडिओ ट्रान्सकोडिंग (व्हिडिओचा फॉरमॅट बदलणं), गेम सर्व्हर वगैरे. किंवा ज्याचा डेटाबेस इतका मोठा आहे की तेवढ्या रॅमचा व्हीपीएस डेडिकेटेडपेक्षा महाग पडतो. किंवा ज्याला रोज सारखाच परफॉर्मन्स हवा, आज फास्ट उद्या स्लो चालणार नाही. मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे सीपीयूमधले सुरक्षेचे दोष 2018 च्या जानेवारीत बाहेर आले तेव्हापासून एकाच सीपीयूवर अनोळखी लोकांसोबत नको असंही काहीजण म्हणतात, संवेदनशील डेटा असेल तर मुद्दा बरोबर आहे, ब्लॉगसाठी नाही. मधला रस्ता पण आहे, कोर फक्त तुमच्यासाठी राखून ठेवणारे व्हीपीएस प्लॅन, आणि मला वाटतं ज्यांचा त्रास फक्त स्टील टाइमचा आहे त्यांनी आधी तेच बघावं.

एक गोष्ट मात्र सेल्सवाले सांगत नाहीत. व्हीपीएसवर खालचं हार्डवेअर बिघडलं तर ते प्रोव्हायडर बघतो, स्नॅपशॉट (आख्ख्या सर्व्हरची त्या क्षणाची कॉपी) काही मिनिटांत, रॅम वाढवायची तर एक रीबूट. डेडिकेटेडमध्ये डिस्क जाणार आहे हे तुम्हालाच स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची देते ती माहिती) रिपोर्टमधून कळून घ्यायचं, तिकीट टाकायचं, बदलून आली की रेड (अनेक डिस्क एकत्र वापरायची पद्धत) परत सिंक होईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं. आणि रेड 1 (दोन डिस्कवर एकच डेटा) म्हणजे बॅकअप नाही हो, चुकून टेबल उडवला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतो. बॅकअप दुसऱ्या इमारतीत, जमलं तर दुसऱ्या शहरात ठेवा, व्हीपीएस असला तरी. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं, तेव्हा ज्यांचा बॅकअप पण तिथेच होता त्यांच्याकडे काहीच उरलं नाही.

एवढं बघून पण शिफ्ट व्हायचंच असेल तर डीएनएसचा (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता देणारी यंत्रणा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा ते, दोन दिवस आधीच 300 वर आणा, आणि जुना सर्व्हर लगेच बंद करू नका, मेल आणि क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) तिथेच राहून जातात.