पेनाचे वळ

सामानाची यादी करायला पॅड उचललं. वरचा कागद कोरा, पण दिव्याखाली तिरपा धरल्यावर त्यावर वळ दिसले. आई पेन दाबून लिहिते. 'चि.', पुढे माझं नाव, मग 'अनेक आशीर्वाद'. त्याखाली मध्येच 'कपाट', मध्येच 'रागावू नकोस'. बाकी नुसत्या रेघा. पेन्सिल आडवी घासली असती तर सगळं उमटलं असतं. घासली नाही.

एका घरात राहतो आम्ही. भिंतीपलीकडे ती झोपली आहे. आणि तिनं मला पत्र लिहावं?

परवाचंच ते. कपड्यांच्या घड्या घालताना ती म्हणाली, "मी गेल्यावर..." आणि मी लगेच, "काहीतरी अभद्र बोलू नकोस गं!" ती गप्प झाली. उशीचा अभ्रा उलगडला, पुन्हा तशीच घडी घातली. मला वाटलं, धीर दिला. धीर कसला, तोंड बंद केलं तिचं. भीती माझी, आणि गप्प तिला बसवलं.

पण मग हे सगळं ऐकायला दरवेळी मीच का? बाबांच्या वेळीही मीच होते. दादा... जाऊ दे.

मागे वाचलेलं आठवत बसले. मृत्यूविषयी मोकळेपणी बोलायला अनोळखी माणसं चहा-केक घेत जमतात, ते 'डेथ कॅफे'. लंडनच्या जॉन अंडरवूडनं २०११ मध्ये पहिलं भरवलं ते स्वतःच्या घरी, आणि त्या दिवशी सगळ्यांना बोलतं केलं त्याच्या आईनं. आईसमोर बसून लेक मरणाबद्दल बोलला! २०१७ मध्ये तो अचानक गेला, ४४ वर्षांचा होता. आई मागे राहिली. मी मात्र धरूनच चालले आहे की पत्र तिनं लिहायचं आणि वाचायचं मी. असं कुणी ठरवलंय?

म्हणून त्याच कागदावर लिहायला घेतलं. 'ती. आईस, शि. सा. न.' मायना झाला आणि पेन अडलं. आयरा बायॉक नावाचे अमेरिकन डॉक्टर सांगतात, जाणाऱ्या माणसाशी चार गोष्टी बोलून घ्याव्यात. मला माफ कर, मी तुला माफ केलं, तुझे आभार, माझं तुझ्यावर प्रेम आहे. 'आभार' लिहिलं आणि खोडलं. आभार परक्याचे मानतात, आईचे कसे मानायचे? प्रेमाचं तर लिहवेचना. 'माफ केलं' यावर बराच वेळ थांबले. तिथे एक जुनी गोष्ट आहे, ती आज नको.

शेवटी एवढंच लिहिलं, 'परवा तुला बोलू दिलं नाही. चुकलं माझं.' लिहिताना पेनाचं टोक तिच्या अक्षरांच्या खाचांत अडकत होतं, त्यामुळे माझं अक्षर वेडंवाकडं आलं. येऊ दे. तिला वाचता येईल.

तेवढ्यात पलीकडे भांडं वाजलं. पाणी प्यायला उठली होती. कागद इथेच ठेवून गेले.

"आई, परवा काय सांगत होतीस?"

तिनं भांडं खाली ठेवलं. माझ्याकडे बघत राहिली. "रडणार नसशील तर सांगते."

"रडेन. तरी सांग."

ती कॉटवर भिंतीकडे सरकली आणि मला जागा केली.