चौदा महिने, एक फाईल आणि आईची दोन नावे

माझे वडील ऑगस्ट 2022 मध्ये प्रभूमध्ये निजले आणि आईचे कौटुंबिक निवृत्तिवेतन ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाले. मधल्या चौदा महिन्यांत मी जितकी प्रार्थना केली तितकी त्यापूर्वी कधी केली नव्हती, आणि जितके वाईट विचार केले तितकेही कधी केले नव्हते. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, साक्ष देताना पहिली गोष्ट सांगून दुसरी गिळून टाकण्याचा मोह होतो, म्हणून दुसरीच इथे सविस्तर लिहितो आहे. ज्या कार्यालयात आमची फाईल अडली त्याचे नाव मी लिहिणार नाही. क्षमा केली असे मी देवाला अनेकदा सांगितले असले, तरी त्या इमारतीवरून बस जाते तेव्हा मी अजूनही दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे तोंड फिरवतो.

सुरुवातीची कामे भराभर झाली. मृत्यूचा दाखला मिळाला, बँकेला कळवले, वडिलांचा निवृत्तिवेतनाचा आदेश, म्हणजे ज्याला सगळे पीपीओ म्हणतात तो, त्यांच्या पत्र्याच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडता सापडला. वडील अनुदानित शाळेत शिक्षक होते आणि कागद जपण्याच्या बाबतीत ते आमच्यापेक्षा फार शहाणे होते. सप्टेंबरात अर्ज दिला. दोन महिन्यांत काम होईल असे सांगण्यात आले आणि मी ते घरी येऊन आईला सांगून टाकले, ही माझी पहिली चूक. ज्या मुदतीचा शब्द आपल्या हातात नाही तो म्हाताऱ्या माणसाला देऊ नये. कारण पुढे दर आठवड्याला ती काहीही न विचारता नुसती माझ्याकडे पाही आणि मला ते विचारण्यापेक्षा जास्त लागे.

नोव्हेंबरात त्रुटीचे पत्र आले. पीपीओवर पत्नीचे नाव रूथ होते आणि आधार कार्डावर रत्नमाला. आईचे बाप्तिस्म्याचे नाव रूथ; पण माहेरी, शेजारी आणि पुढे मतदार यादीत ती रत्नमालाच राहिली. आपल्या लोकांत ही गोष्ट घरोघरी आढळते, तरी ती कागदावर आली की एका बाईच्या दोन बायका होतात. उपाय सांगण्यात आला तो विवाहाच्या दाखल्याचा. आईवडिलांचे लग्न मे 1968 मध्ये नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातील मंडळीत झाले होते, तेव्हा नगरपालिकेचा दाखला असण्याचा प्रश्नच नव्हता. जानेवारीत मी त्या गावी गेलो. पाळकसाहेबांनी लोखंडी कपाटातून विवाहाची नोंदवही काढली, कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या, पण मजकूर शाबूत होता: वधूचे नाव रूथ रत्नमाला, खाली दोन साक्षीदार, आणि वडिलांची तीच उभट सही, जी मी माझ्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षे पाहिली होती. तिथे बाकावर बसून मी थोडा रडलो. त्यांनी नोंदीची प्रमाणित नक्कल दिली. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे अशी नक्कल पुरावा म्हणून चालते, हे त्यांनीच मला सांगितले आणि कलमाचा क्रमांकही कागदावर लिहून दिला. परतताना मला वाटले की देवाने प्रार्थना ऐकली आणि काम झाले.

खरी अडचण तिथून सुरू झाली.

फेब्रुवारीत ती नक्कल घेऊन मी टेबलावर उभा राहिलो. लिपिकाने ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, लग्न एका संस्थेत झाले आहे आणि दाखला दुसऱ्याच संस्थेने दिला आहे. नोंदवहीच्या छापील मथळ्यावर युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया असे होते आणि पाळकसाहेबांच्या शिक्क्यावर चर्च ऑफ नॉर्थ इंडिया असे. मी त्याला समजावून सांगितले की 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा मंडळ्यांचे ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले, त्या सहांत ही जुनी मंडळीही होती, इमारत तीच आहे, नोंदवही तीच आहे, फक्त पाटी बदलली आहे. तो म्हणाला, ‘हे तुम्ही सांगता. कागद कुठे आहे?’ मग साहेबांचे मत घ्यावे लागेल, असे सांगून त्याने फाईल डावीकडच्या गठ्ठ्यात ठेवली. त्या गठ्ठ्यात ती जुलैपर्यंत राहिली. साहेब दौऱ्यावर होते, मग मार्चअखेर होती, मग साहेबांची बदली झाली, मग नवे साहेब रुजू व्हायचे होते, आणि ते रुजू झाल्यावर लिपिक प्रशिक्षणाला गेला.

या पाच महिन्यांत माझी कार्यालयात एकूण उपस्थिती फार तर सहा तास झाली असेल. बाकीचा सगळा काळ ते कार्यालय माझ्या डोक्यात उघडे होते, आणि तिथे दुपारची जेवणाची सुट्टीसुद्धा नव्हती. रात्री अडीचला जाग येई आणि मी त्या लिपिकाशी बोलू लागे. या काल्पनिक संभाषणांत मी अत्यंत सभ्य, मुद्देसूद आणि धारदार असे. तो निरुत्तर होई, शेजारच्या टेबलांवरचे लोक माझ्याकडे वळून पाहत, कधीकधी स्वतः साहेब बाहेर येऊन माझी माफी मागत. प्रत्येक भांडण मीच जिंकत असे आणि सकाळी हरलेल्या माणसासारखा उठत असे. सर्वांत वाईट म्हणजे ही भांडणे हळूहळू प्रार्थनेत शिरली. डोळे मिटून ‘हे पित्या’ म्हणायचे आणि तिसऱ्या वाक्याला आपण टेबलासमोर उभे आहोत हे ध्यानात यायचे.

मी मंडळीत वर्षानुवर्षे बायबलमधले नीतिसूत्रे 4:23 हे वचन शिकवले आहे, सर्व जपण्यासारख्या गोष्टींपेक्षा आपले अंतःकरण अधिक जपावे, कारण जीवनाचे झरे तिथून निघतात. शिकवताना मी या वचनाचा संबंध नेहमी तरुणांशी, त्यांच्या हातातल्या मोबाईलशी जोडत असे. एका निवृत्त माणसाच्या न्याय्य रागाशीही त्याचा संबंध असेल असे माझ्या मनात कधी आले नव्हते. अशुद्ध विचार ओळखू येतो, त्याला हाकलण्याची निदान लाज तरी वाटते. पण ज्या विचाराच्या बाजूने न्याय आहे तो पाहुणा म्हणून येतो आणि आपणच त्याला पाट मांडतो.

एकदा सायंप्रार्थनेनंतर आई म्हणाली, ‘तू प्रार्थना करत होतास की तक्रारअर्ज वाचत होतास?’ मला राग आला. मी म्हणालो की स्तोत्रकर्ताही तक्रारच करतो, तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांत तो चार वेळा ‘कोठवर’ विचारतो. ती म्हणाली, ‘हो, पण तो देवाला विचारतो. तू त्या माणसाशी बोलतोस आणि देवाला ऐकायला बसवतोस.’ आईचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले आहे. त्या रात्री मला पुष्कळ वेळ झोप आली नाही, पण निदान कारण वेगळे होते.

दुसऱ्या दिवशी मी एक दोनशे पानी वही आणली आणि ठरवले की लिपिकाला उद्देशून जे वाक्य मनात येईल ते तसेच, पण देवाला उद्देशून लिहायचे. ‘तुम्हाला विधवेची कदर नाही’ हे वाक्य देवाला उद्देशून लिहायला घेतले आणि पेन थांबले, कारण तसे लिहिले तर ते खोटे होते. उरले ते एवढेच: ‘प्रभू, मला भीती वाटते की आईच्या हयातीत हे काम होणार नाही.’ रागाच्या तळाशी ही भीती होती हे मला वहीमुळे कळले. सगळीच वाक्ये अशी वळली नाहीत, काही पाने आज वाचली तर मला शरम वाटेल, आणि आठवडाभर वही बंद पडली असेही दोनदा झाले. पण अडीचची जाग साडेचारवर गेली, हे मात्र मी खात्रीने सांगू शकतो.

दुसरी मदत प्रेषित पौलाची झाली. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आठव्या वचनात मनन करण्याजोग्या गोष्टींची यादी आहे आणि त्या यादीत सर्वांत आधी ‘सत्य’ येते. मी पहिल्याच पायरीवर अडखळलो. लिपिकाला पैसे हवे आहेत, म्हणून तो फाईल दाबून बसला आहे, हे मी चार महिने धरून चाललो होतो, मुलीला तसे सांगितले होते, मंडळीतल्या दोघांनाही सांगितले होते. प्रत्यक्षात त्याने कधी एक रुपयाही मागितला नव्हता. ते वाक्य मला बाहेरच्या झेरॉक्सवाल्याने ऐकवले होते. माणूस उर्मट होता, कामचुकार होता, आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. पण तो लाचखोर आहे ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, तरी मी ती त्याच्या नावावर मांडली होती. दोघांकडे जाऊन मला ते मागे घ्यावे लागले. एक जण म्हणाला की असेलच हो लाचखोर, आणि मला ते ऐकून बरे वाटले, हेही इथे कबूल करतो.

याच संशयापायी मे महिन्यात मी एक पाकीट घेऊन गेलो होतो. दोन हजार रुपये होते. ते फाईलमध्ये ठेवावे की नाही याचा विचार करत मी जिन्यावर अर्धा तास बसलो, आणि मला शौल राजा आठवला. गिलगालात त्याने शमुवेल संदेष्ट्याची सात दिवस वाट पाहिली, लोक पांगू लागलेले पाहून स्वतःच होमार्पण केले, आणि ते आटोपते न आटोपते तोच शमुवेल आला आणि त्याने शौलाला दोष दिला. लहानपणापासून मला या गोष्टीत शौलावर अन्याय झाला असे वाटत आले आहे, सात दिवस काही थोडे नव्हेत. जिन्यावर बसल्यावर मला त्याची आणखीच कीव आली, पण पाकीट खिशातच राहिले. त्यातले पैसे पुढे रिक्षाला आणि जेवणाला खर्च झाले.

वाट पाहणे म्हणजे घरी बसणे असे मात्र कोणी समजू नये. जूनमध्ये माझ्या भाच्याने माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करायला सांगितले तेव्हा मी महिनाभर टाळाटाळ केली होती, कारण हा अविश्वास होईल असे मला वाटे. पाळकसाहेबांनी फोनवर लूकच्या अठराव्या अध्यायातील विधवेची आठवण दिली, जी न्यायाधीशाच्या दारात पुन्हापुन्हा जाते, आणि विचारले, ‘तिला कोणी अविश्वासू म्हटले का?’ दहा रुपयांचा अर्ज दिला, आमच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली एवढेच विचारले. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर आले नाही, पण सत्ताविसाव्या दिवशी फाईल गठ्ठ्यातून निघाली. मंडळ्यांच्या ऐक्याबद्दल पाळकसाहेबांचे पत्र आणि ‘रूथ व रत्नमाला ही एकच व्यक्ती’ असे आईचे प्रतिज्ञापत्र कार्यालयाने मागितले आणि स्वीकारले. हेच दोन कागद फेब्रुवारीत मागता आले असते. हे वाक्य मी वहीत देवाला उद्देशून तीनदा लिहिले आहे.

इथे काही राहिलेल्या गोष्टी सांगतो. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. मी पहिल्या वेळी घेतला नाही. वडिलांच्या निधनाची खबर बँकेला लगेच द्यावी, नाही तर त्यानंतर जमा झालेली रक्कम वसूल होते. आपल्या घरात कोणाची दोन नावे असतील तर पतिपत्नी दोघेही हयात असताना ती कागदावर एकत्र आणून ठेवावीत. कार्यालयातून परत येताना एकट्याने येऊ नये, निदान कोणाला तरी फोन करावा, कारण येतानाचा तासभर प्रवास मनाला सर्वांत धोक्याचा असतो. आणि ज्या दिवशी जायचे त्या दिवशी सकाळचे शास्त्रवाचन चुकवू नये. मी घाईत चुकवत असे आणि मग दिवसभर माझ्या तोंडी स्तोत्रांऐवजी शासन निर्णय असत.

जुलैत कागद दिल्यावरही तीन महिने गेले. ते तीन महिने मला फारसे आठवत नाहीत. याचे श्रेय घेण्याचा मी प्रयत्न केला होता, पण फिलिप्पैकरांस पत्राच्या त्याच चौथ्या अध्यायातले सातवे वचन आड येते. देवाची शांती तुमची अंतःकरणे आणि विचार राखील, असे पौल लिहितो, आणि त्या ‘राखील’साठी त्याने वापरलेला मूळ ग्रीक शब्द शिपायांच्या पहाऱ्याचा आहे. लिहिणारा स्वतः बंदिवासात होता, पहारा म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते. मी पाच महिने स्वतःच्या मनाच्या दारात काठी घेऊन उभा होतो आणि बहुतेक वेळा डुलक्या घेत होतो. जुलैनंतर दारात दुसरे कोणी उभे होते एवढेच मला सांगता येईल.

त्या काळात आई मात्र एकच गोष्ट म्हणत असे, आणि ती तिच्याच नावाच्या पुस्तकातली होती. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी सासू नामी रूथला सांगते की या गोष्टीचा निकाल काय लागतो ते कळेपर्यंत तू स्वस्थ बस. मी एकदा चिडून म्हणालो की नामीच्या रूथसाठी त्यांचा नातलग बवाज त्याच दिवशी निकाल लावायला वेशीवर गेला होता, इथे कोण गेले आहे? आई म्हणाली, ‘तू जातोस की.’

थकबाकीसह पहिली रक्कम जमा झाल्याचा संदेश आला तेव्हा मी भाजी घेत होतो. घरी येऊन आईला सांगितले. तिने चष्मा लावून संदेश स्वतः वाचला, आकडा दोनदा वाचला, देवासाठी दशमांश वेगळा काढायला सांगितला आणि मग वडिलांच्या फोटोपुढे काही वेळ उभी राहिली. आभाराची प्रार्थना तिने केली. त्यात तिने त्या लिपिकाचे नाव घेऊन त्याच्या मुलाबाळांसाठी आशीर्वाद मागितला. मी ‘आमेन’ म्हणालो, जरा उशिरा.

पुढच्या महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी तिला बँकेत नेले. यादीत नाव फक्त ‘रूथ’ असे छापलेले पाहून मी पिशवीतून सगळी फाईल काढायला सुरुवात केली, नोंदवहीची नक्कल, पाळकसाहेबांचे पत्र, प्रतिज्ञापत्र. तोवर आईने बोट ठेवून आपली ओळ शोधली होती आणि सही करून पेन बँकेतल्या मुलीच्या हातात परतही दिले होते.