पाण्यात विसावता येणे

मी 11 वर्षांची असताना बुडता बुडता वाचले. तलावात माझ्या अवतीभवती पुष्कळ माणसे होती, माझी मावशी काठावर पाय सोडून बसली होती आणि मी तिच्यापासून फार तर चार हातांवर होते. उथळ भागातून चालत चालत मी पुढे गेले, तळ उतरता झाला आणि पायांखालची फरशी एकाएकी नाहीशी झाली. मला ओरडायचे होते. पण तोंड पाण्याबाहेर येई तेवढ्या निमिषात शरीर फक्त श्वास ओढून घेई आणि आवाज निघण्याआधीच मी पुन्हा खाली जाई. मावशी माझ्याकडे पाहत होती. मी उड्या मारत खेळते आहे, असे तिला वाटले. शेजारून पोहत जाणाऱ्या एका अनोळखी बाईंनी मला दंडाला धरून काठाला आणले, तेव्हा कुठे तिला काय घडत होते ते समजले. त्यानंतर 30 वर्षे मी गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात पाऊल टाकले नाही.

मावशीने स्वतःला त्याबद्दल कधीच क्षमा केली नाही, आणि तिची चूक नव्हती हे तिला पटवून देण्याइतके ज्ञान मला फार उशिरा मिळाले. बुडणारा माणूस हात उंचावतो, पाणी उडवतो, मदतीसाठी हाका मारतो, हे चित्र आपल्या मनात पक्के बसलेले असते. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकाने बुडणाऱ्या माणसांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून दाखवून दिले, की खरे बुडणे बहुधा निःशब्द असते. शरीर पाण्यात उभे राहते, मान मागे कलते, तोंड पाण्याच्या पातळीशी वरखाली होते आणि दोन्ही हात आपोआप बाजूंना पसरून पाणी खाली दाबू लागतात. ते हात वर उचलून खूण करणे त्या माणसाच्या स्वाधीन उरत नाही. या अवस्थेत माणूस पाण्याच्या पृष्ठभागावर साधारण 20 ते 60 सेकंदच टिकतो. जो हाका मारू शकतो, तोही संकटात असतो आणि त्याला मदत हवीच असते, पण त्याच्यापाशी अजून थोडा वेळ असतो. पाण्यात खेळणारे मूल एकाएकी गप्प झाले, तर हातातले काम टाकून आधी त्याच्याकडे जावे, असे मी प्रत्येक आईवडिलांना कळकळीने सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 3 लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश 5 वर्षांखालील मुले होती. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 25 जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस म्हणून ठरवला. हे आकडे वाचताना मला प्रत्येक वेळी त्या तलावाची निळी फरशी आठवते.

वयाच्या 41 व्या वर्षी मी पोहायला शिकायला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी हात कसे मारायचे ते दाखवतील, अशी माझी समजूत होती. आमच्या प्रशिक्षकांनी पहिले चार दिवस आम्हाला कठडा धरून, चेहरा पाण्यात घालून, नाकातोंडाने हळूहळू श्वास सोडण्याशिवाय काहीच करू दिले नाही. त्यामागचे कारण मला पुढे कळले आणि पोहण्याविषयीची माझी सगळी कल्पनाच त्याने बदलली. नवखा माणूस पाण्यात शिरताच श्वास कोंडून धरतो. आपल्याला श्वासाची जी तीव्र ओढ लागते, ती मुख्यतः प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे लागते. कोंडलेला श्वास बाहेर न टाकता डोके वर काढले, की त्या एका क्षणात आधी श्वास सोडायचा आणि मग घ्यायचा, ही दोन्ही कामे उरकावी लागतात. ती जमत नाहीत, दम लागतो, घाबरगुंडी उडते आणि नाकातोंडात पाणी जाते. पाण्याखाली असतानाच श्वास सोडून दिला असेल, तर वर आल्यावर केवळ घेण्याचे काम उरते. मला पोहणे आले ते हातापायांमुळे नव्हे, तर या एका गोष्टीमुळे आले, असे मी आजही मानते.

पाचव्या दिवशी पाठीवर पडून तरंगायचे होते आणि तिथे माझी तीस वर्षांची भीती पुन्हा समोर उभी राहिली. मानवी शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते. फुप्फुसे भरलेली असली की बहुतेकांचे शरीर पाण्यापेक्षा किंचित हलके ठरते आणि ती पूर्ण रिकामी केली की किंचित जड. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के अधिक घन असल्याने तिथे तरंगणे सोपे जाते. पण हे ‘किंचित’ म्हणजे खरोखरच किंचित. पाण्याबाहेर राहू शकेल असा शरीराचा भाग फार थोडा असतो, आणि घाबरलेला माणूस नेमके आपले संपूर्ण डोके, जमल्यास खांदेही, बाहेर काढू पाहतो. प्रौढ माणसाचे डोके साधारण 5 किलोंचे असते. ते वर उचलले की त्याचा भार उरलेल्या शरीराला पेलावा लागतो आणि कंबर व पाय खाली जातात. वाचण्यासाठी केलेली धडपडच माणसाला बुडवते. याउलट मान सैल सोडून कान पाण्यात बुडू दिले, छाती वर ठेवली आणि श्वास संथ केला, तर नाक आणि तोंड आपोआप बाहेर राहतात. काहींचे पाय तरीही खाली जातात, कारण प्रत्येकाच्या शरीराची ठेवण वेगळी असते. त्यांनी पाय जाऊ द्यावेत आणि तळवे पाण्यात हलकेच फिरवत राहावेत. मला हे जमायला नऊ दिवस लागले. कानांत पाणी शिरल्यावर बाहेरचे सगळे आवाज बंद होतात आणि स्वतःचा श्वास तेवढा मोठ्याने ऐकू येतो. त्या आवाजाची सवय होईपर्यंत प्रशिक्षकांनी माझ्या पाठीखालचा हात काढला नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

‘पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही’ ही म्हण खरी आहे, पण ती पडणाऱ्यासाठी आहे, ढकलणाऱ्यासाठी नव्हे. मुलाला काठावरून खोल पाण्यात फेकून दिले की ते आपोआप हातपाय मारू लागते, असे अभिमानाने सांगणारी माणसे मला भेटली आहेत. त्यांतून वाचलेली काही मुले उत्तम पोहणारी झालीही असतील. पण माझ्या वर्गातल्या अकरा प्रौढांपैकी चौघांची भीती अशाच ढकलण्यातून जन्मलेली होती आणि त्यांची उमेदीची अनेक वर्षे पाण्यापासून दूर गेली होती.

‘पोहता येते’ या शब्दांचा अर्थही आपण फार सैल धरतो. दोन-चार हात मारून काठ गाठणाऱ्यालाही पोहता येते आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पोहताच येते. अमेरिकन रेडक्रॉसने यासाठी जी कसोटी सांगितली आहे, ती मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. डोके बुडेल इतक्या खोल पाण्यात उतरून पुन्हा वर येणे, एक मिनिट तरंगत किंवा उभ्या उभ्या पाय मारत राहणे, स्वतःभोवती पूर्ण वळून बाहेर पडण्याची जागा शोधणे, तिथपर्यंत 25 यार्ड म्हणजे सुमारे 23 मीटर जाणे आणि शिडीच्या आधाराशिवाय पाण्याबाहेर येणे, एवढे सलग जमले पाहिजे. यात वेग नाही, शैलीही नाही. नेदरलँड्समध्ये मुलांना पोहण्याची पदविका मिळवताना अंगावर कपडे आणि पायांत बूट ठेवून पोहून दाखवावे लागते, कारण अपघाताने पाण्यात पडणारे मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. शर्यतीचे प्रकार शिकण्याआधी हे सगळे शिकवले जावे, असे माझे ठाम मत आहे. बांगलादेशात 4 वर्षांवरील मुलांना अशीच जीव वाचवण्यापुरती पोहण्याची कौशल्ये शिकवण्याचा उपक्रम झाला, आणि त्यात सहभागी झालेल्या मुलांमध्ये बुडून मरण्याचे प्रमाण इतर मुलांच्या तुलनेत 90 टक्क्यांहून अधिक घटल्याचे अभ्यासात आढळले.

पोहता येणारी माणसेही बुडतात, हे मात्र विसरता येत नाही. हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता सुमारे 25 पट वेगाने ओढून घेते, आणि अतिथंड पाण्यात अचानक पडल्यावर तोंडाने जो मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो, तो कुणालाही रोखता येत नाही. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल, तर कौशल्य कामी येण्याआधीच घात होतो. म्हणून अशा वेळी पहिले एक-दोन मिनिटे पोहण्याचा प्रयत्न न करता नुसते तरंगत राहावे आणि श्वास ताब्यात आल्यावर हालचाल करावी. समुद्रकिनाऱ्यावर आत ओढून नेणारा अरुंद प्रवाह लागला, तर किनाऱ्याच्या दिशेने त्याच्याशी झुंजत दमून न जाता, किनाऱ्याला समांतर जाऊन त्यातून बाहेर पडावे. आणि पाण्याखाली जास्त वेळ राहण्याच्या पैजा लावताना आधी भराभर दीर्घ श्वास घेण्याची जी खोड मुलांमध्ये दिसते, ती मोडून काढली पाहिजे. त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वासाची ओढ उशिरा लागते आणि प्राणवायू संपून मूल पाण्याखालीच बेशुद्ध होऊ शकते.

बुडत्याला काडीचा आधार, असे आपण म्हणतो. वाचवायला गेलेला माणूस हाच तो आधार ठरतो आणि मग दोघेही खाली जातात. एकाला वाचवताना दुसरा गेल्याच्या बातम्या वाचून मला फार यातना होतात, कारण काठावरून काठी, ओढणी किंवा दोर पुढे करणे, घट्ट बंद केलेला रिकामा डबा फेकणे, हे त्याच क्षणी करता आले असते. माणूस बाहेर काढल्यावर त्याचे पोट दाबून पाणी काढत बसू नये. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी उलटून फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. श्वास बंद असेल तर मदतीसाठी फोन करण्यास दुसऱ्या कुणाला सांगून लगेच तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबण्यास सुरुवात करावी. बुडण्यात मुळात प्राणवायूच तुटलेला असतो, म्हणून येथे श्वास देणे टाळून चालत नाही. याचे प्रशिक्षण मी पोहण्याच्या जोडीनेच घेतले.

गेल्या महिन्यात मी प्रथमच अंगभर कपडे घालून खोल पाण्यात उतरले. सुती कपडा भिजल्यावर हातांना जणू कुणी धरून ठेवल्यासारखे वाटले, नेहमीसारखे हात पाण्याबाहेर काढून पोहणे अशक्य झाले, आणि मी पाठीवर वळून, हात पाण्यातच ठेवून, पायांनी हळूहळू काठाकडे सरकू लागले. मध्येच थोडा वेळ नुसती पडून राहिले. काठावर मावशी बसली होती. तिचे वय आता 72 आहे. मी गप्प आहे, हालत नाही, हे पाहून ती झटकन उठून उभी राहिली. आमचे आधीच ठरले होते त्याप्रमाणे मी एक हात उंच केला, आणि मी काठाला लागेपर्यंत ती तशीच उभी राहिली.