पैठणीचा काठ आणि २५६ रंग

आईच्या जुन्या फोटोंसाठी मी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटी सीजीआय स्क्रिप्ट (वेब सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम) लिहिली आहे. मोठा फोटो घ्यायचा, जीडी या चित्रं हाताळणाऱ्या मॉड्यूलने १५० पिक्सेल रुंदीचा करायचा, ब्राउझरला पाठवायचा. परवा तिच्या लग्नातला फोटो टाकला आणि जीव कळवळला. पैठणीचा जांभळा रंग डागाडागांचा, पदरावरचे मोर दातेरी, गालांवर मातकट पट्टे. मूळ फोटो मात्र स्वच्छ.

आधी जेपेगच्या क्वालिटीवर संशय घेतला. ७५ची ९५ केली, फाइल फुगली, डाग तसेच. लहान करायला जीडीचं कडा गुळगुळीत ठेवणारं फंक्शन, कॉपीरिसॅम्पल्डच वापरलं होतं, मग कडा दातेरी का? तिथेच दुखणं सापडलं. जीडीत नवी रिकामी प्रतिमा बनवताना नुसती रुंदी-उंची दिली, की ती पॅलेटची बनते, म्हणजे जास्तीत जास्त २५६ रंग. आणि अशा प्रतिमेवर कॉपीरिसॅम्पल्ड गुपचूप साध्या कॉपीरिसाइज्डसारखं वागतं, शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतच नाही. एरर नाही, लॉगमध्ये अक्षर नाही. याचा मला खरंच राग आला.

रुंदी-उंचीनंतर तिसरा आकडा १ दिला. ट्रूकलर, म्हणजे २५६ रंगांची मर्यादा नाही. जुन्या थंबनेलची (लहान केलेल्या फोटोची) कॅश, म्हणजे साठवून ठेवलेली प्रत, पुसली (हे विसरलात तर जुनंच चित्र बघत बसाल), पान रिफ्रेश केलं. मोर दिसले. लगेच आईला फोन लावला.