इथली धोक्याची पातळी किती?

सप्लायर क्वालिटीच्या, म्हणजे पुरवठादारांच्या मालाचा दर्जा पाहण्याच्या नोकरीत पाहुणे सांभाळणं कुठंच लिहिलेलं नसतं, पण ते गळ्यात पडतंच. २०१९ च्या एप्रिलअखेरीस कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतले एक फौंड्रीवाले आमच्याकडे अमेरिकेत मोलीनला आले होते. वयानं मोठे, म्हणून मी अण्णा म्हणायचो. कास्टिंगमधल्या ब्लोहोलवरून, म्हणजे ओतीव मालात हवेनं राहिलेल्या पोकळ्यांवरून, सकाळभर घासाघीस झाली आणि जेवणानंतर साहेब मला म्हणाले, यांना जरा गाव दाखवून आण. तारीख ३० एप्रिल, मंगळवार.

आमचं गाव म्हणजे क्वाड सिटीज. नाव चारचं, गावं पाच, त्यातली काही इलिनॉयमध्ये आणि काही आयोवात. मधून मिसिसिपी. अख्ख्या देशात उत्तरेकडून दक्षिणेला जाणारी ही नदी इथं मात्र पूर्वेकडून पश्चिमेला वाहते, त्यामुळे नवखा माणूस दिशांना हमखास चुकतो. जॉन डिअरनं १८४८ साली नांगराचा कारखाना मोलीनला आणला तो याच नदीसाठी. यंत्रं फिरवायला पाणी आणि माल न्यायला बोटी, दोन्ही दारात. अण्णांना हे सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, “पाण्याशिवाय कारखाना कोण काढतंय?”

पलीकडे डॅव्हनपोर्टला गेलो. ब्रॅडी स्ट्रीटच्या चढावर कायरोप्रॅक्टिकचं पामर कॉलेज आहे. हाडं-मणके बसवण्याची ही विद्या डी. डी. पामरनं १८९५ साली याच गावात सुरू केली. अण्णांनी लगेच आपली पाठ दाखवायचा विषय काढला, तो मी टाळला. जॅझवाला बिक्स बायडरबेक इथलाच, त्याच्या नावानं जुलैत शर्यत असते आणि धावणारे हाच चढ चढतात. मी खाली नदीकडे गाडी घेणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, “गाडी हितंच लावा. नदीच्या गावात गाडी चढावर लावायची असती.”

खाली सेकंड स्ट्रीटला आलो. नदीच्या बाजूला हेस्कोची तात्पुरती भिंत उभी होती. जाळीचे मोठे चौकोनी पिंजरे, आतून जाड कापड, त्यात वाळू भरलेली. पलीकडे पाणी, अलीकडे कोरडा रस्ता आणि उघडी दुकानं. अण्णांनी वाळूत बोट घालून पाहिलं, जाळीच्या तारेची जाडी चिमटीत धरून पाहिली, फोटो काढले आणि मला भाव विचारला. “शिरोलीत कंपाउंडला लई कामाला येईल बघा. ही काय पडत नाही.”

मग स्कायब्रिज नावाच्या उंच पादचारी पुलावर गेलो. वरच्या अंगाला लॉक अँड डॅम १५ हे धरण आणि त्याला लागून १८९६ चा गव्हर्नमेंट ब्रिज. त्यावर रेल्वे वरून आणि मोटारी खालून जातात. बोटी याव्यात म्हणून त्याचा एक गाळा अख्खा गोल फिरतो. मिसिसिपीवरचा पहिला रेल्वेपूल याच भागात १८५६ साली झाला. दोनच आठवड्यांत एफी ॲफ्टन नावाची आगबोट त्यावर आदळली, पेटली आणि पुलाचा काही भागही जळाला. बोटवाल्यांनी दावा लावला. पुलाच्या बाजूच्या वकिलांत अब्राहम लिंकन होते. ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि पूल राहिला.

अण्णांचं लक्ष लिंकनवर नव्हतं, धरणावर होतं. “दरवाजे किती उघडलेत?”

मी म्हटलं, सगळे. पण हे राधानगरीसारखं नाही. हे धरण पाणी साठवत नाही. बोटींना नऊ फूट खोली मिळावी एवढ्यासाठी ते आहे. पूर आला की दरवाजे वर उचलतात आणि नदी मोकळी सोडतात.

“म्हणजे सोडायला काही नाही आणि अडवायलाही काही नाही. धोक्याची पातळी किती हितली?”

“पंधरा फूट. आज बावीसच्या आसपास आहे.”

“आमची पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस.” हे त्यांनी किंचित अभिमानानं सांगितलं. प्रत्येक नदीची मोजपट्टी आपापल्या शून्यापासून सुरू होते हे त्यांना माहीत होतं, पण कोल्हापूरकर असली संधी सोडत नाही.

खालच्या अंगाला बेसबॉलचं स्टेडियम पाण्यात बेटासारखं उभं होतं. मी सांगितलं, पलीकडच्या रॉक आयलंडनं १९७० च्या दशकात कायमचा बांध घातला, डॅव्हनपोर्टनं १९९३ च्या महापुरानंतरही मुख्य बाजारपेठेपुढे भिंत घातली नाही. लोकांना नदी दिसायला हवी. अण्णा म्हणाले, “पलीकडं बांध म्हणजे पाणी हिकडं सरकणार की.” मलाही हा प्रश्न पडतो. तरी नदीकाठची बाग आणि मैदान मोकळं ठेवून अधूनमधून भिजायचं, हा गावाचा हिशेब मला अगदीच वेडा वाटत नाही. मात्र माझं तिथं दुकान नाही.

साडेतीनच्या सुमारास आम्ही कॉफी घेत होतो. बाहेर कुणीतरी ओरडलं, पाठोपाठ सायरन. पर्शिंग अव्हेन्यूच्या बाजूला भिंत फुटली होती. पाणी लाटेनं आलं नाही, रस्त्याच्या कडेनं सरसर पसरत आलं, मातकट, कचऱ्याचे डबे ढकलत. दुकानातली मुलगी गल्ला उचलून मागच्या दारानं पळाली. अण्णांनी कप ठेवला, माझा दंड धरला आणि आम्ही चढाकडे निघालो. वरून मागे पाहिलं तर खाली लावलेल्या गाड्यांचे दिवे पाण्यातून लुकलुकत होते. अग्निशमन दलानं नंतर अडकलेल्यांना बोटींतून काढलं. २ मे रोजी पातळी २२.७ फुटांवर गेली आणि १९९३ चा विक्रम मोडला.

अण्णांनी भिंतीचे फोटो मात्र पुसले नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी एवढंच विचारलं, पिंजरा फाटला की खालून सरकला? मला सांगता आलं नाही.

ऑगस्टमध्ये त्यांचा माल थांबला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, कोल्हापूर अडकलेलं. उशिराच्या फॉर्ममध्ये कारण लिहायचं होतं, म्हणून मी फोन केला. पंचगंगा पंचावन्न फुटांवर गेली होती.

“आणि भट्टी?” मी विचारलं.

“भट्टीत पाणी हाय. पण पॅटर्न, साच्यांचे नमुने, सगळी माळ्यावर चढवलीत. लिहा, पॅटर्न सुखरूप.”

मी तसंच लिहिलं. साहेबांनी ‘पॅटर्न’वर खूण करून मंजुरी दिली.